वेबसाइटवर लिहिणार कोण?

(कारभारी मंडळ आणि सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या कामाची वेबसाइट कशावर उभारावी, हे पाहण्याचे काम आपण माझ्यावर सोपवले होते. मी संगणकाचा माणूस नाही. वसतिगृह आणि पाड्यांवरच्या भेटी यांतच माझे दिवस जातात. म्हणून मी आधी एवढेच विचारले, की दर तिमाहीला या साइटवर मजकूर घालणार कोण? घालणारी माणसे इथेच बसली आहेत : वसतिगृहाच्या अधीक्षिका मावशी आणि आपले चिटणीस. दोघांना झेपेल तेच घ्यायचे.

‘सीएमएस’ हे नाव पुष्कळांना नवे असेल. मजकूर टाइप करायचा, ‘प्रकाशित करा’ दाबायचे आणि पान तयार. दर वेळी प्रोग्रॅमरला बोलवायला नको, अशी ही सोय. वर्डप्रेस, जूमला, द्रुपल या तिन्ही मोफत मिळतात. द्रुपल फार समर्थ आहे, पण आपल्या सहा पानांसाठी ती म्हणजे खुराड्याला वाड्याचा दरवाजा. ग्रॅव्ह नावाची एक छोटी प्रणाली मला मनापासून आवडली. तिला डेटाबेस लागत नाही, सगळे साध्या फाइलींत असते. फोल्डरची नक्कल केली की झाला बॅकअप. पण आपल्या भागात ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही ती ठाऊक नव्हती. पावसाळ्यात साइट बंद पडली तर हाक कोणाला मारायची?

म्हणून माझी शिफारस वर्डप्रेसची आहे. 2003 पासून ती चालू आहे, जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी सुमारे चार तिच्यावर आहेत, म्हणून जाणकार तालुक्याच्या गावीही सापडतो. आतली बटणे मराठीत करता येतात. महिन्याच्या भाड्याने तयार साचे देणाऱ्या सेवा याहून सोप्या आहेत, हे खरे. पण त्यांतल्या काहींतून साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेसमधून मजकूर फाइल करून बाहेर काढता येतो.

तिचे दुखणेही सांगतो. इतकी वापरातली, म्हणून चोरांची नजरही तिच्यावरच. जोडलेली प्लगिन जुनी राहिली की तिथून शिरकाव होतो. तेव्हा प्लगिन अगदी मोजकी, आणि अपडेट करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर.

आता मला ज्याची खरी काळजी आहे ते. आपल्या साइटवर मुलांचे फोटो जाणार. त्या मुलांनी किंवा पाड्यावरच्या त्यांच्या आईवडिलांनी ती साइट कदाचित कधी पाहणारही नाही. वर्डप्रेसमध्ये प्रत्येकाला वेगळा अधिकार देता येतो. ‘काँट्रिब्युटर’ हा अधिकार असणाऱ्याला लिहिता येते, पण प्रकाशित करता येत नाही, आणि मुळात फोटोही चढवता येत नाही. मावशींना तोच द्यावा, असे मी सुचवतो. मावशींवर अविश्वास म्हणून नव्हे. प्रत्येक फोटो दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जावा म्हणून. पालकांची संमती आहे का, नाव-गाव छापले आहे का, हे चिटणीस पाहतील. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, तीही काढावी लागेल. देणगीदारांना मुलाचा चेहरा पाहायला आवडतो, हे मला ठाऊक आहे. तरी नाव आणि चेहरा एकत्र नको, असे माझे ठाम मत आहे.

डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच ईमेलवर घ्यावे. एका ओळखीच्या संस्थेचे डोमेन एका स्वयंसेवकाच्या नावावर होते. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, वार्षिक भरणा राहिला, साइट गेली. आपल्याकडे पासवर्डची एक प्रत बंद पाकिटात खजिनदारांकडे असावी.

राहता राहिले आपले जुने अंक. ते युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेले आहेत. त्यातला मजकूर तसाच साइटवर चिकटवला तर अगम्य चिन्हे उमटतात. सध्या ते पीडीएफ करून ठेवू. नवा अंक मात्र युनिकोडमध्येच टाइप व्हावा. काही जुने अंक कार्यालयात नाहीत. कोणाच्या घरी कपाटात असतील तर चिटणिसांकडे आणून द्यावेत, स्कॅन करून परत मिळतील.