वारंवार पडणारा ब्रेकर



मृगाची पहिली मोठी सर कोसळली, कीं आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरील पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकूं येते : 'ब्रेकर राहत नाहीं.' खटका वर करावा, तो खालीं पडावा. पुन्हां वर करावा, पुन्हां पडावा. घरांतील मंडळी वैतागतात आणि सारा राग त्या खटक्यावर निघतो. आज मला त्या खटक्याची बाजू मांडावयाची आहे. आणि ती मांडण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीनें मिळाला आहे.

दोन वर्षांपूर्वीं, ऐन श्रावणांत, आमच्या घरचा ब्रेकर रोज रात्रीं पडूं लागला. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलें, तेव्हां कित्येक दिवस काळोखांत काढलेलीं आम्ही माणसें. दिवे गेले, कीं आम्हांला धीर राहत नाहीं. एक ओळखीचा कारागीर आला व म्हणाला, ''गुरुजी, तुमचा ब्रेकरच नाजूक आहे. त्याला वगळून तार थेट जोडून देतों.'' मीं होकार दिला. दिवे लागले, पंखे फिरले, घर प्रसन्न झालें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पंप चालू असतांना सून विहिरीजवळच्या नळाशीं गेली आणि हात झटकून मागें सरली. ''बाबा, नळाला हात लावला तर मुंग्या येतात !'' तिच्या पायांत रबरी चपला होत्या, म्हणून तेवढ्यावरच निभावलें.

मेन स्विच बंद करून शोध घेतला, तेव्हां उलगडा झाला. पंपाची तार विहिरीच्या चिऱ्याच्या कठड्यावर घासून तिचें वेष्टण झिजलें होतें. पावसानें भिजल्यावर तेथून वीज लोखंडी नळांत उतरत होती. टाकी भरण्यासाठीं आम्ही पंप रात्रीं लावीत असूं. म्हणून ब्रेकर रात्रींच पडे. तो नाजूक नव्हता. तो रोज आम्हांला सावध करीत होता, आणि मीं त्याचेंच तोंड बंद केलें होतें.

तेव्हां ब्रेकर पडला, तर पहिला प्रश्न 'कोणता पडला?' हा विचारावा. आपल्या फळीवर बहुधा दोन जातींचे खटके असतात. लहान खटके म्हणजे एमसीबी. अशा छोट्या खटक्याचें पेटंट जर्मनींतील मानहाइम येथील ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यानें १९२४ सालीं मिळविलें. त्याच्या पोटांत दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह बेताबाहेर गेला, कीं ती तापून वांकते व खटका पाडते. शिवाय एक विद्युच्चुंबक असतो. तारेला तार भिडून प्रवाह एकाएकीं उसळला, तर तो क्षणाचाही विलंब लावीत नाहीं. ज्या रुंद खटक्यावर 'टी' अक्षराचें बटण असतें, तो गळती ओळखणारा, म्हणजे आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो. घरगुती खटक्यांत हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोंचला, कीं तो पडतो. ९ वॅटच्या एलईडी दिव्यालासुद्धां याहून अधिक प्रवाह लागतो. पण माणसाच्या छातींतून गेल्यास एवढाही घातक होऊं शकतो.

लहान खटका कांहीं मिनिटांनीं पडत असेल, तर भार अधिक झाला असें समजावें. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर सुमारें ८.७ अँपिअर घेतो, १५०० वॅटची किटली ६.५ आणि १००० वॅटची इस्त्री ४.३. तिन्ही एकाच १६ अँपिअरच्या खटक्यावर लावल्यास बेरीज १९.५ होते. अशा वेळीं एक उपकरण दुसऱ्या मार्गावर न्यावें. वर करतांक्षणींच पडत असेल, तर तारेला तार भिडली आहे; पुन्हां पुन्हां वर करूं नये.

रुंद खटका पडत असेल, तर हात व पाय कोरडे ठेवून, पायांत चपला घालून असें करावें. सर्व लहान खटके खालीं करावे, मग रुंद खटका वर करावा. तो राहिला, तर लहान खटके एकेक करून वर न्यावे. ज्याच्यामुळें रुंद खटका पडेल, त्या मार्गावर दोष आहे. त्यावरील उपकरणांचे प्लग काढून पुन्हां तीच रीत करावी, व मग एकेक लावून पाहावें. सर्व लहान खटके खालीं असतांही रुंद खटका पडला, तर घरांतील सर्व प्लग काढून पाहावें. तरीही पडल्यास न्यूट्रल तार अर्थिंगला भिडली असण्याचा संभव असतो, कारण लहान खटके बहुधा फेजचीच तार तोडतात. येथें आपलें काम संपलें. पुढें परवानाधारक वायरमनला बोलवावें व मेगर लावून तारांचें वेष्टण तपासून घ्यावें.

आमच्या भागांत आधीं संशय घ्यावा तो अंगणांतील दिव्यावर, पंपावर, न्हाणीघरांतील गीझरवर आणि ओल धरलेल्या भिंतींतील स्विचवर. खारा वारा तारांच्या टोकांवर मिठाचा थर बसवितो. मीठ ओल ओढून घेतें, आणि ओलींतून वीज वाट काढते. नवा इन्व्हर्टर बसविल्यापासून ब्रेकर पडूं लागला असेल, तर दोन मार्गांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेले आहेत काय, तें पाहवून घ्यावें.

पूर्वीं चिनी मातीच्या फ्यूजमध्यें जाड तार घालून लोक सुटका करून घेत. आज १६ च्या जागीं ३२ चा खटका बसवितात. दोष तोच. तार तीच राहते. मग तापतो तो खटका नव्हे, भिंतींतील तार, आणि ती जळूं लागली तरी आपणांस कळत नाहीं.

शेवटीं एवढेंच सुचवितों : महिन्यांतून एकदां 'टी' बटण दाबून रुंद खटका पडतो कीं नाहीं, तें पाहावें. न पडला तर तो ताबडतोब बदलावा. घरांत काळोख झाला, तर दिवा लावतां येतो. माझ्या घरीं त्या सकाळीं जें थोडक्यांत टळलें, तें घडलें असतें तर त्याला उपाय नव्हता.