मातीचं विरजण

उमरोळीकर मंडळी, पालघर-डहाणूकडून आलेले शेतकरी बंधुभगिनी आणि शेतीवर लिहिणारे माझे मित्रहो,

आज सकाळी स्टेशनात उतरल्यावर आधी शेतात गेलो. भात निघाल्यावर वाल पेरलेलं एक खाचर दिसलं. मालकाला विचारून एक झाड मागून घेतलं आणि विळ्याने भोवतीची माती कोरून ढेकळासकट काढलं. ओढून उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुतली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली, आत गुलाबी रंग. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच ते द्रव्य. गाठ आतून गुलाबी असेल तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधून झाडाला देत आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद आहे.

तारापूरच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे बरेच जण इथे बसले आहेत. रिॲक्टर आणि प्रेशर म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायचा तर 400 अंशांच्या वर उष्णता आणि हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात युरियासाठी हेच चालतं. ते काम ही गाठ थंड, ओल्या मातीत करते. हॉलंडमध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी 1888 साली गाठीतला हा जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला. आज पाकिटात मिळतं ते रायझोबियम संवर्धक म्हणजे त्याच कामाचं फळ.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत याच पट्ट्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हरभऱ्यासाठी संवर्धकाचं पाकीट आणून दिलं. बियाणं माझ्या हाताने चोळलं. दीड महिन्याने झाडं काढून पाहिली तर मुळं कोरी. बाबा म्हणाले, “सायेब, तुमचं औषध काय लागलं नाय.” मी पाकीट शोधून काढलं. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत पिकाचं नाव होतं: सोयाबीन. दुकानदाराने दिलं ते मी न वाचता घेतलं होतं. सोयाबीनचा रायझोबियम हरभऱ्याच्या मुळावर गाठ धरत नाही. वाल, चवळी, मूग, उडीद, तूर यांचा एक गट चालतो, हरभऱ्याचा जिवाणू वेगळाच लागतो. शिवाय आपल्या खाचरांत चार महिने पाणी साचतं, त्यात हरभऱ्याचे जिवाणू फारसे टिकत नाहीत. म्हणून भातानंतरच्या हरभऱ्याला संवर्धकाची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकं तिथेच मी चुकीचं पाकीट दिलं. त्या घराने पुन्हा कधी संवर्धक वापरलं नाही.

बाबांचा तो शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला. औषध! दुकानातून येतं ते सगळं औषध, आणि आपण लिहिणाऱ्यांनी त्यात ‘जिवाणू खत’ या शब्दाची भर घातली. खत म्हटलं की पोतं पत्र्याखाली रचून ठेवलं तरी चालतं, पुढच्या वर्षी वापरलं तरी चालतं, युरियात मिसळलं तरी चालतं, असं माणूस समजणारच. पाकिटात जिवंत जीव आहेत. 2006 साली केंद्राने जैविक खतं 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणली, तेव्हा भुकटीच्या दर ग्रॅममध्ये निदान 5 कोटी आणि द्रवरूपाच्या दर मिलिलीटरमध्ये 10 कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत असं ठरलं. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली त्यातल्या किती उरणार?

घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण तिच्याकडे विरजण असतं. विरजण ती कढत दुधात घालत नाही, फार जुनं झालं तर शेजारून ताजं आणते, आणि भांड्यात दूधच नसेल तर नुसत्या विरजणाचं दही होत नाही हेही तिला ठाऊक असतं. संवर्धकाचं सगळं शास्त्र यात आलं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, संवर्धक सर्वांत शेवटी. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच त्यात पाकीट कालवायचं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पुरतं. गोणपाटावर हलक्या हाताने चोळून सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.

आणि दूध? ते म्हणजे जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य. इथे मला राबाबद्दल बोलायलाच हवं. पालापाचोळा, शेण, गवत रचून रोपवाटिकेची जागा भाजण्याची आपली रीत जुनी आहे आणि ती अडाणीपणाची नव्हे. तिने तणाचं बी मरतं, रोप जोमाने येतं. पण वरच्या थरातलं जिवाणूंचं अन्न जळतं आणि जिवाणूही. कोकण कृषी विद्यापीठ कित्येक वर्षं गादीवाफ्यांचा आग्रह धरतं आहे, तो मला पटतो. तो पाला कुजवून वाफ्यात घाला आणि लावणीआधी रोपांची मुळं ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवा. कोकणच्या तांबड्या, आंबट मातीत स्फुरद लोहाशी जखडून बसतो. दुकानातून तो आणून ओतत राहण्याआधी जखडलेला सोडवायला हवा.

भाताच्या पाण्यावर येणारं हिरवं-निळं शेवाळही हवेतला नत्र बांधणाऱ्यांच्या घराण्यातलं. शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 सालीच दाखवून दिलं होतं की खाचरातला नत्र टिकवण्यात या शेवाळाचा मोठा वाटा आहे. आपण मात्र ते घाण म्हणून बांधाबाहेर काढतो.

लेखक मित्रांना माझं मागणं साधं आहे. ‘जिवाणू खत’ लिहू नका, संवर्धक लिहा, आणि पहिल्यांदा लिहाल तेव्हा कंसात ‘विरजण’ घाला. परिसंवादात आज ठराव येणार आहे: पाकिटाच्या दर्शनी बाजूला पिकाचं नाव, शेवटची तारीख आणि ‘सावलीत ठेवा’ हे ठळक मराठीत छापलं जावं. या ठरावाला माझा पहिला हात असेल.

वालाचं ते झाड मी मंडपाच्या दाराशी पाण्याच्या ताटलीत ठेवलं आहे. चहाला जाताना प्रत्येकाने एक गाठ फोडून पाहावी. शेजारी गोणपाट, गार केलेलं गूळपाणी, वालाचं बियाणं आणि एक पाकीट आहे. त्यावरचं पिकाचं नाव आधी मोठ्याने वाचा, मग कात्री लावा.