मागणारा हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्वीडनमधील हेरेंग या लहानशा खेड्यात १९८२ साली स्विंग नृत्याचा मेळा सुरू झाला. दिवसा शिकवणीचे वर्ग, रात्री वाद्यवृंदाच्या साथीवर नाच. त्यातले लिंडी हॉप हे नृत्य मूळचे न्यूयॉर्कच्या हार्लेममधले. तेथील सॅव्हॉय नृत्यगृहात काळे-गोरे एकत्र नाचत. ते १९५८ मध्ये बंद झाले. तेथले नामांकित नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी सुमारे तीस वर्षे टपालखात्यात नोकरी केली. नाच मागे पडला. पुढे तरुण मंडळी त्यांना शोधीत आली, आणि सत्तरी उलटल्यावर ते पुन्हा शिकवू लागले, हेरेंगलाही गेले. २००९ साली ते वारले, पण तोवर त्यांचा नाच देशोदेशी पोहोचला होता. वडीलधाऱ्यांपाशी ठेवा असतोच, भगिनींनो. मागणारा वेळेवर यावा लागतो.