दारूचे शिंग आणि दसऱ्याची सफाई

खंडेनवमीला जुन्या घराण्यांत तलवार, कट्यार आणि क्वचित एखादी तोड्याची बंदूक पूजेत मांडली जाते. तिच्याशेजारी कधीकधी आणखी एक वस्तू असते : बंदुकीची दारू बाळगण्याचे शिंग. तलवारीला नाव असते, कथा असते. शिंग मात्र वर्षभर माळ्यावरच्या पेटीत पडून राहते आणि सणाच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून घासले जाते.

वास्तविक तोड्याची बंदूक एकटी कधीच चालली नाही. नळीत भरायची दारू, कानाजवळ घालायचे बारीक रंजक, ठासण्याचा गज, गोळ्यांची चामडी पिशवी आणि धुमसता तोडा असा सारा संसार बरकंदाजाच्या अंगावर असे. तो कसा लढला, हे बंदुकीपेक्षा या लहान वस्तूंवरील झीज अधिक नेमके सांगते. नेमकी तीच झीज घासण्यात नाहीशी होते.

परंतु श्रोतेहो, शिंग हाती घेताना पहिला प्रश्न त्याच्या रूपाचा नसून आतल्या दारूचा आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारण ७५, १५ व १० असे हे मिश्रण कोरडे राहिले तर शतकांनंतरही पेट घेते. २०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील अठराव्या शतकातील तोफेचा गंज काढताना आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू निघाली. ती अद्याप जिवंत होती! २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धातील तोफगोळा साफ करताना एका संग्राहकाचा प्राण गेला. आपल्याकडे तर पूजेत नीरांजन आणि उदबत्ती अगदी हाताशी असते. म्हणून शिंग हलवल्यावर आत काही खुळखुळले किंवा तोंडाशी काळी पूड दिसली, तर तार घालून उकरू नये, ऊन दाखवू नये, बूच पिळून काढू नये. वस्तू आगीपासून दूर ठेवून पोलिसांना कळवावे; बॉम्बशोधक पथकाला हे काम नवे नाही.

शिंग रिकामे असल्याची खात्री झाली की मग जतनाचा विचार. शिंग म्हणजे नखा-केसांच्याच जातीचा पदार्थ. अतिकोरड्या हवेत त्याचे पापुद्रे सुटतात, दमटपणात ते फुगते, आणि लोकर खाणारे किडे त्यालाही पोखरतात. पाण्यात भिजवणे सर्वांत वाईट. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. सुटलेला पापुद्रा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवू नये, कारण तो पुढे कुणालाही निर्धोकपणे सोडवता येत नाही. संग्रहालयांतील जाणकार पुन्हा विरघळवता येईल असाच चिकटा वापरतात. हरवलेले बूच नव्याने करायचे तर ते नवे आहे हे जवळून पाहताच कळावे. जुन्यासारखे रंगवून ठेवणे ही फसवणूकच.

चामड्याच्या पिशवीला तेल पाजण्याची सवय फार जुनी आहे. ते तेल खवट होते, धूळ धरते, चामडे काळवंडते आणि पितळी खिळ्यांभोवती हिरवा, मेणचट थर साचतो. चामड्याची तांबूस भुकटी हाताला लागू लागली, तर तेथे घरगुती उपाय संपले. चिंचेचे आम्ल आणि मीठ पितळाच्या नक्षीत अडकून राहतात आणि धातू खातच राहतात. पाहुण्यांनी कौतुक करावे, एवढाच त्या चकाकीचा लाभ. लोखंडावरचा घट्ट, तपकिरी थर तसाच राहू द्यावा. भगभगीत नारिंगी गंज सुटून पडत असेल तर मात्र तज्ज्ञाला दाखवावे. लखनौ येथे १९७६ पासून सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही जतनकेंद्र आहे.

पूजेत खंड पडावा असे यात काहीच नाही. हळदकुंकू वस्तूवर न लावता खालच्या वस्त्रावर वाहावे, नीरांजन हातभर दूर ठेवावे. नंतर शिंग धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात गुंडाळून, स्वयंपाकघर आणि ओल्या भिंतीपासून दूर, सावलीतल्या कपाटात ठेवावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. रंजकदाणी हस्तिदंती असेल तर तिची विक्रीही निषिद्ध आहे.

आणि कापडाला सुती दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी : वस्तू कुणाकडून आली, कोणत्या गावाहून, शेवटची कधी उघडली, आणि आत दारू नाही हे कुणी पाहिले.