बालवस्त्रदान



मूल वाढते, सदरा वाढत नाही. म्हणून घरोघरी न विटलेली बालवस्त्रे पेटीत पडून राहतात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडील ऊसतोड कुटुंबे आपल्या गावाबाहेर कोप्या घालून ऐन थंडीत राहतात. त्यांची लेकरे पहाटे फडावर अपुऱ्या वस्त्रांनिशी कुडकुडतात.

उघड्यास वस्त्र द्यावे, ही १९५६ साली निवर्तलेल्या संत गाडगे महाराजांची शिकवण आपण स्मरतो. पेटी मात्र उघडीत नाही.

तथापि दानासही विवेक हवा. ‘हा माझा सदरा!’ असे वर्गात एकाने म्हणताच तो सदरा ल्यालेला विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासून शाळेत न आल्याचे आम्ही पाहिले आहे. १९९९ साली स्थापन झालेली ‘गूंज’ संस्था गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून वस्त्रे देते. तेथे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

म्हणून वस्त्रे धुवावीत, तुटल्या गुंड्या लावाव्यात, वयवार गठ्ठे करावेत. ती आईच्या हाती, छायाचित्र न काढता द्यावीत. दिलेली वस्तू आपली राहत नाही, हे आपल्या मुलांसही शिकवावे. आणि घेणाऱ्याची ज्ञाती विचारू नये. थंडी ती विचारीत नाही.