सामाईक बाजारपेठ आणि सोलापूरचा टॉवेल



युरोपच्या सामाईक बाजारपेठेचा विस्तार हा विषय सोलापुरात कशाला, असे कोणी विचारील. आपल्या यंत्रमागांवर विणलेला टॉवेल त्या बाजारात जातो, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

१९५७ च्या रोमच्या करारात सहा राष्ट्रे होती. त्यांनी आपसांतील जकाती टप्प्याटप्प्याने उठवल्या आणि बाहेरच्यांसाठी एकच सामाईक जकात बसवली. या बाजारपेठेचे गोडवे गाणारे पहिल्या अर्ध्याविषयी बोलतात. आपला संबंध दुसऱ्याशी. १९७३ मध्ये ब्रिटन आत गेला. १९३२ च्या ओटावा करारापासून आपल्या मालाला तेथे मिळत आलेली सवलत त्यानंतर ओसरत गेली. भिंत होती तीच. लंडन मात्र तिच्या आत गेले. पुढे १९७४ पासून कापडावर कोटा आला, तो २००४ च्या अखेरीपर्यंत टिकला. २०१४ मध्ये पाकिस्तानच्या टॉवेलला युरोपने जकात माफ केली, आपल्या टॉवेलवरची राहिली. (यात असूया नको. फैसलाबादचा विणकरही पोटासाठीच माग चालवतो.)

तरीही युरोपकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. बाजार मोठा झाला की भांडवल आधीच पुढारलेल्या भागाकडे धावते, हे त्यांनी ओळखले आणि १९७५ मध्ये मागास प्रदेशांसाठी विकासनिधी उभारला. आयर्लंड, दक्षिण इटली यांना तो उपकार म्हणून नव्हे, सामाईक बाजारपेठेची किंमत म्हणून मिळाला. आपणही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आणून देशाची एक बाजारपेठ केली. पण महाराष्ट्रातील जिल्ह्यांचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्येच मोजून दिला होता. तो भरून काढण्याचे काम रेंगाळतच राहिले.

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. अशा कराराने जकात उतरली की निर्यातदाराचा फायदा होईल, हे उघड आहे आणि त्याला माझी हरकतही नाही. मात्र त्यातले किती पैसे मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या विणकराला आणि टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बाईला मिळतील, हे करारात लिहिलेले नसते. तो हिशेब ब्रुसेल्सला नव्हे, इथे सोलापुरात, मजुरीच्या पुढच्या बोलणीत मांडावा लागेल.