दुसरं मत कुठे गेलं?

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा : १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन का हरलं आणि बाबासाहेबांचं पुढे काय झालं. आपल्या वस्त्यांमध्ये याची दोन उत्तरं तोंडपाठ आहेत. एक म्हणतो काँग्रेसने पाडलं. दुसरा म्हणतो कम्युनिस्टांनी पाडलं. दोन्ही उत्तरांत खरेपणा आहे, पण दोन्ही अर्धी आहेत. नुसत्या शिव्या घालून घरी जाऊन झोपायचं असेल तर अर्धं उत्तर पुरतं. पण पुढच्या निवडणुकीला कुणीतरी निळा गमचा गळ्यात टाकून आपल्या चाळीत येणारच आहे, युती झाली म्हणून सांगणारच आहे. तेव्हा काय विचारायचं ते माहीत हवं. म्हणून आज भावना बाजूला ठेवून हिशेब करू. मी मॅट्रिक झालोय, बेरीज-वजाबाकी येते. या विषयाला तेवढं गणित पुरतं.

आधी देशाचं चित्र बघा. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ मतदान चाललं. लोकसभेच्या ४८९ जागा. काँग्रेसला मतं मिळाली शंभरात ४५, जागा मिळाल्या ३६४, म्हणजे शंभरात ७४. फेडरेशनने ३५ उमेदवार उभे केले. मतं २.३८ टक्के. मतांच्या प्रमाणात जागा दिल्या असत्या तर ११ आल्या असत्या. आल्या २. म्हणजे पहिली गोष्ट ही की, या पद्धतीत विखुरलेल्या माणसाचं मत मातीत जातं. आपण गावोगाव आहोत, पण प्रत्येक गावाच्या कडेला आहोत. एका जागी बहुसंख्य कुठेच नाही. गावकुसाबाहेरचा माणूस मतपेटीतही कुसाबाहेरच राहतो.

आता मुंबईत या. बाबासाहेब २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिमंडळातून बाहेर पडले, हिंदू कोड बिलाचा गळा घोटला म्हणून. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत मतदान. हातात जेमतेम तीन महिने, अंगात आजार. मतदारसंघ उत्तर मुंबई. हा दोन जागांचा मतदारसंघ होता : एक खुली, एक राखीव. दोन्हींचा मतदार तोच. प्रत्येकाला दोन मतं. समाजवादी पक्षाशी समझोता झाला. खुल्या जागेला अशोक मेहता, राखीव जागेला बाबासाहेब. फेडरेशनच्या माणसाने एक मत हत्तीला, दुसरं मेहतांना द्यायचं. समाजवाद्याने एक मेहतांना, दुसरं हत्तीला द्यायचं. व्यवहार सरळ होता.

निकाल ऐका. काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८. समाजवादी अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. कम्युनिस्टांचे डांगे ९६,७५५. काजरोळकर राखीव जागेवर आले. बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले.

हे आकडे वहीत लिहून घ्या आणि वजाबाकी करा. मेहता आणि बाबासाहेब एकाच समझोत्याचे दोन उमेदवार. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मतं जास्त आहेत. पराभव १४,५६१ चा. म्हणजे मेहतांना जेवढी मतं पडली तेवढीच बाबासाहेबांना पडली असती तर बाबासाहेब लोकसभेत गेले असते. राज्यघटनेचा मसुदा ज्याने बांधला त्याला लोकसभेबाहेर ठेवायला शत्रूची गरजच पडली नाही. मित्राच्या मतदाराचा हात दुसऱ्या पेटीपर्यंत पोचला नाही, एवढं पुरलं.

आणि ही गोष्ट एका बाजूचीच नाही. काँग्रेसचीही वजाबाकी करा. गांधी आणि काजरोळकर एकाच पक्षाचे, एकाच नेहरूंच्या नावावर मत मागणारे. तरी काजरोळकरांना ११,००१ मतं कमी. पक्ष कुठलाही असो, अस्पृश्य उमेदवारापाशी आल्यावर मतं गळतात. सगळी गळती जातीचीच असं मी म्हणणार नाही, काहींनी चुकून, काहींनी हट्टाने मतं फुकट घालवली असतील. पण दोन्ही बाजूंना गळती एकाच दिशेने होते याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. मी नाही म्हणत.

गोदीत जड नग दोघांनी उचलायचा असतो. हाक दिली की दोघांनी एकदम जोर लावायचा. एकाने ऐन वेळेला हात सैल सोडला तर नग पडतो तो दुसऱ्याच्या पायावर. हात सोडणारा शाबूत राहतो आणि वर म्हणतो, तुझीच पकड चुकली. युतीचं असंच असतं.

आता कम्युनिस्टांचं बघू. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या, त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या की त्यातलं एक मत बाद. कम्युनिस्टांनी आपल्या माणसांना दुसरं मत कुजवायला सांगितलं हा आरोप तेव्हाच झाला. बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. ७४ हजारांवर मतं फुकट गेल्याची त्यात तक्रार होती. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. ज्या गिरणगावात लाल बावट्याखाली महार, मराठा, भय्या एका संपात उतरत होते, तिथे मत द्यायच्या वेळी वर्गाने जातीला दुसरं मत दिलं नाही. याची जाब-जबानी डाव्यांनी कधीच धड दिलेली नाही. उलट फेडरेशननेही जाहीरनाम्यात कम्युनिस्टांशी युती नाही असं लिहून टाकलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. दार दोन्हीकडून बंद होतं.

पण कायद्याचं काय? इथे जरा लक्ष द्या, कारण हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही माहीत नसतं. १९३७ साली मुंबई इलाख्यात निवडणूक झाली तेव्हा मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला टाकता येत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं, ती वाटा नाहीतर एकावरच ओता. आपल्या माणसांनी ओतली. समोर काँग्रेसने उभा केला होता पळवणकर बाळू, क्रिकेटमधला नावाजलेला गोलंदाज, जातीने चांभार. तरी बाबासाहेब आले आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार आले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही सोय काढून घेतली. मतं दोन, पण एका उमेदवाराला एकच. म्हणजे आपलं एक मत आपल्या माणसाला, आणि दुसरं सवर्णाला द्या नाहीतर कुजवा. पुणे कराराने १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघ घेतला, १९५१ च्या कायद्याने उरलेलं शस्त्रही घेतलं. राखीव जागा आमच्या नावाची, पण तिच्यावर कोण बसायचं हे ठरवणार दुसरेच. पुढे १९६१ मध्ये दोन जागांचे मतदारसंघच मोडले. आता राखीव मतदारसंघात एकच जागा, एकच मत. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.

इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. आता जे बोलणार आहे ते ऐकायला कडू आहे.

काजरोळकर कोण होते? चांभार समाजातले काँग्रेसचे कार्यकर्ते. १९३७ ला बाळू, १९५२ ला काजरोळकर. काँग्रेसला दोन्ही वेळा आपल्याविरुद्ध उभं करायला अस्पृश्यातलाच माणूस सापडला. का सापडला? काँग्रेस धूर्त होती हे खरंच. पण मुंबई-महाराष्ट्रात फेडरेशन म्हणजे महारांचा पक्ष हे जे चांभार-मांगांच्या मनात बसलं, ते सगळं काँग्रेसनेच बसवलं का? आपल्या वस्तीत आपण त्यांना किती वेळा बोलावलं? त्यांच्या घरचं पाणी किती वेळा प्यालो? ज्या दिवशी काँग्रेसला असा उमेदवार सापडणार नाही, त्या दिवशी आपण जिंकलेलो असू. बाबासाहेबांना हे कळत होतं. फेडरेशनचे सरचिटणीस पां. ना. राजभोज चांभार समाजातलेच होते आणि फेडरेशनच्या त्या दोन खासदारांपैकी एक तेच, सोलापूरचे. दुसरे एम. आर. कृष्णा, हैदराबाद संस्थानातल्या करीमनगरचे.

या दोन जागा का आल्या तेही बघा. सोलापूरची खुली जागा जिंकली शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरेंनी. करीमनगरची जिंकली पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या बद्दम येल्ला रेड्डींनी. म्हणजे जिथे जमिनीवर राबणारा कुणबी, शेतकरी काँग्रेसविरुद्ध उठला, तिथे आपलाही माणूस आला. १९५७ ला तेच झालं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, फेडरेशन समितीत होतं, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि देशभरात फेडरेशनच्या ६ जागा आल्या. दुसरं मत पुढाऱ्यांच्या बंगल्यातल्या समझोत्याने येत नाही. ते रस्त्यावर एकत्र लाठी खाल्ल्यावर येतं.

आता बाबासाहेबांचं पुढे काय झालं.

मार्च १९५२ मध्ये ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. फेडरेशनची स्वतःची मतं पुरेशी नव्हती, इतर विरोधी आमदारांची मदत झाली. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली. तिथेही दोन जागा, तिथेही खुल्या जागेला अशोक मेहता. मेहता आले, बाबासाहेब पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर आले. दोन वर्षांत दोनदा तोच डाव.

तुमच्या-माझ्यासारख्याने काय केलं असतं? दिल्लीला चिठ्ठी पाठवली असती. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीत ठराव करवून घेतला की कायदेमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा. ज्या जागेवर दुसऱ्याच्या मर्जीने बसायचं ती जागा नको. त्याच वर्षी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्म घेतला. मतपेटीने ज्याला दोनदा नाकारलं, त्याच्या एका शब्दावर लाखो माणसांनी घरातले देव काढले. दुसऱ्याच्या दुसऱ्या मताची गरज नसलेलं राजकारण ते हेच. आणि निवडणूकही त्यांनी सोडली नव्हती. फेडरेशन मोडून सगळ्या शोषितांसाठी रिपब्लिकन पक्ष काढायचा होता. ६ डिसेंबरला ते गेले. पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला निघाला, आणि दोन वर्षं धड झाली नाहीत तोच फुटला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह सोडला तर बाकी सगळा हिशेब जागावाटपाचा. बाबासाहेब जागा हरले आणि चळवळ वाढवून गेले. त्यांच्या नावावर निवडून आलेले जागा जिंकत गेले आणि चळवळ गहाण टाकत गेले.

जानेवारी १९७४ ची मध्य-दक्षिण मुंबईची पोटनिवडणूक आठवा. पँथरने बहिष्कार पुकारला. वरळी पेटली, भागवत जाधव मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले. निवडून आल्या डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे. आपलं मत नुसतं रोखून धरलं तरी तख्त हलतं हे त्या दिवशी कळलं. पण रोखलेल्या मताचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून फळ दुसऱ्याच्या ताटात पडलं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. युती करू नका असं मी म्हणत नाही. एकट्याच्या मतांवर आपण कुठेच येत नाही हे आकडेच सांगतात. पण युतीवाला दारात आला की विचारा : तुमच्या पक्षाच्या मतदाराने मागच्या वेळी आमच्या उमेदवाराला किती मतं दिली? बूथवार आकडे असतात, ते मागा. आमच्या मुलीवर गावात अत्याचार झाला तेव्हा तुमचा झेंडा मोर्चात होता का, ते विचारा. उत्तर नसेल तर आमचं दुसरं मतही नाही. आणि आपल्याच पुढाऱ्याला विचारा : जागा किती मागितल्या ते राहू दे, मातंग आणि चर्मकार वस्तीत शाखा किती काढल्या?

प्रत्येकाने पुढच्या रविवारी एक काम करायचं. आपल्या वॉर्डातली मतदारयादी आणायची आणि आपली नसलेली एक वस्ती निवडून तिथे जायचं. भाषण करायला नाही. बसायला, चहा प्यायला, त्यांची तक्रार लिहून घ्यायला आणि ती घेऊन वॉर्ड ऑफिसवर त्यांच्यासोबत जायला.

जय भीम.